दुसऱ्याचे गाणे गाताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मार्च २०१७ मधली गोष्ट. गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. गाण्याच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे झाली, त्यानिमित्त हा दौरा होता. सोबत गायिका चित्रा होत्या, मुलगा चरण होता. दौरा सुरू असतानाच एक वकिली नोटीस त्यांच्या हाती पडली. पाठवणारे होते संगीतकार इलयाराजा. आशय असा, की माझ्या चाली माझ्या परवानगीवाचून कार्यक्रमात गाणे हा कॉपीराइटचा भंग आहे. बालसुब्रह्मण्यम यांनी जाहीरपणे सांगून टाकले, की असा काही कायदा असल्याचे मला ठाऊक नव्हते, पण असेल तर मी तो पाळीन आणि उरलेल्या कार्यक्रमांत इतर संगीतकारांची गाणी गाईन.

ऐकणाऱ्यांना धक्का बसणे साहजिक होते. ज्या गळ्यातून ते गाणे पहिल्यांदा बाहेर पडले, त्याच गळ्याला मनाई? दोघांची मैत्री तरुणपणापासूनची. लोकांनी आपापल्या आवडीप्रमाणे बाजू घेतल्या, भरपूर भांडून घेतले. पुढे जून २०१९ मध्ये दोघे पुन्हा एका मंचावर आले. २०२० मध्ये बालसुब्रह्मण्यम गेले. त्या दोघांपुरता वाद मिटला. पण त्या नोटिशीने जो प्रश्न विचारला तो तसाच राहिला आहे, आणि तो केवळ मोठमोठ्या नावांचा नाही. आपल्या तालुक्याच्या गावात गणपतीत गाणाऱ्या ऑर्केस्ट्राचा आहे, दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाचा आहे, हॉटेलात शनिवारी रात्री गिटार घेऊन बसणाऱ्या मुलाचा आहे. दुसऱ्याचे गाणे लोकांसमोर गायचे, तर पैसे द्यायचे का? द्यायचे तर कोणी, आणि कोणाला?

आधी एक गुंता सोडवून घेऊ. आपण ज्याला 'एक गाणे' म्हणतो ती कायद्याच्या दृष्टीने तीन वेगवेगळ्या मालकीची चीज आहे. एक, शब्द, ते गीतकाराचे. दोन, चाल, ती संगीतकाराची. तीन, स्टुडिओत झालेले ध्वनिमुद्रण. ते बहुधा कंपनीचे. तुम्ही लाउडस्पीकरवर जुनी तबकडी किंवा मोबाइलमधले गाणे वाजवता, तेव्हा तिन्ही वापरता. पण मंचावर उभे राहून, आपल्या वादकांच्या साथीने, आपल्या गळ्याने तेच गाणे गाता, तेव्हा कंपनीच्या ध्वनिमुद्रणाला तुम्ही हात लावलेला नसतो. तुम्ही वापरता ते शब्द आणि चाल.

मग मूळ गायकाचे काय? इथेच लोकांचा आणि कायद्याचा हिशेब उलटा पडतो. आपण म्हणतो 'किशोरचे गाणे', 'आशाताईंचे गाणे', 'रफीसाहेबांचे गाणे'. ऑर्केस्ट्राच्या जाहिरातीवरही गायकाचाच फोटो असतो. पण त्या गायकाचे गाणे दुसऱ्याने मंचावर गायले, तर त्यासाठी मूळ गायकाला कायद्याने काही मिळत नाही. गायकाचा हक्क असतो तो त्याने स्वतः केलेल्या गायनावर, म्हणजे त्याच्या आवाजावर. तो आवाज इथे वापरलेलाच नाही. हक्क आहे तो ज्या दोघांची नावे आपल्याला सहसा आठवत नाहीत त्यांचा. बालसुब्रह्मण्यम यांच्याबाबतही तेच. मूळ गाणे त्यांनीच गायलेले असले, तरी अमेरिकेतल्या मंचावर ते शब्द आणि त्या चालीपुरते कायद्याच्या लेखी ते इतर कोणत्याही गायकासारखेच एक गायक होते. ऐकायला क्रूर वाटते, पण तर्क सरळ आहे. (त्या चालींचे हक्क खुद्द इलयाराजा यांच्याकडे किती आणि निर्मात्यांकडे, कंपन्यांकडे किती, यावरही न्यायालयांत लढे झालेले आहेत. ते वेगळे प्रकरण.)

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात शब्दांच्या आणि संगीताच्या कर्त्याला जे हक्क दिले आहेत, त्यात कृती छापण्याच्या हक्काबरोबरच ती लोकांसमोर सादर करण्याचा हक्कही आहे. म्हणजे परवानगीवाचून जाहीर सादरीकरण केले तर तो भंग. घरी चार मित्र बसले आणि पेटी काढली, तर त्याला कोणी जाहीर म्हणणार नाही. पण सभागृह, मैदान, हॉटेल हे जाहीर. यात भंग करणारा म्हणून गाणारा येऊ शकतो, आणि नफ्यासाठी जागा उपलब्ध करून देणाराही येऊ शकतो. प्रत्यक्षात जगभर जी पद्धत पडली आहे ती अशी, की परवाना आयोजकाने किंवा जागेच्या मालकाने घ्यायचा, गाणाऱ्याने नव्हे. आपल्याकडेही इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस ही संस्था, गीतकार-संगीतकारांच्या आणि संगीत प्रकाशकांच्या वतीने असे परवाने देते. ती १९६९ पासून आहे. तेव्हा 'गायकाने रॉयल्टी द्यायची का' या प्रश्नाचे साधे उत्तर हे, की द्यायची आहे, पण ती कार्यक्रमाने द्यायची आहे. जो तिकिटाचा गल्ला मोजतो, प्रायोजकाचा धनादेश घेतो, त्याने. नाईटवर येणाऱ्या गायकाच्या किंवा ढोलकीवाल्याच्या खिशातून ती काढणे अन्याय होईल. मात्र एक आहे. गायक स्वतःच हॉल घेऊन, स्वतःच तिकिटे लावून कार्यक्रम करत असेल, तर आयोजक तोच.

ही कल्पना आली कुठून, त्याची एक गमतीदार हकिगत आहे. १८४७ साली पॅरिसमध्ये एर्नेस्त बुर्जे नावाचा गीतकार एका उपाहारगृहात बसला होता. साखरेचे पाणी प्याला. तेवढ्यात तिथल्या वाद्यवृंदाने त्याचीच रचना वाजवायला घेतली. बिल आले तेव्हा बुर्जे म्हणाला, तुम्ही माझे गाणे फुकट वापरता, मी तुमचे साखरपाणी फुकट प्यालो, फिटंफाट. मालक ऐकेना. प्रकरण न्यायालयात गेले आणि बुर्जे जिंकला. त्यातूनच १८५१ मध्ये फ्रान्समधली गीतकार-संगीतकारांची वसुली संस्था उभी राहिली. ती आजही चालू आहे. अमेरिकेत असाच खटला १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हॉटेलवाला म्हणत होता, आम्ही संगीताचे वेगळे तिकीट कुठे लावतो? न्यायमूर्ती होम्स यांचे म्हणणे थोडक्यात असे, की गिऱ्हाईक नुसत्या जेवणाचे पैसे देत नाही, त्या सगळ्या वातावरणाचे देते, आणि संगीत त्याचा भाग आहे. त्यातून फायदा नसता तर तुम्ही ते ठेवलेच नसते. 'आम्ही फुकट कार्यक्रम करतो' असे सांगणाऱ्या आपल्याकडच्या अनेक बड्या मंडळांना, ज्यांच्या कमानीवर दहा प्रायोजकांची नावे असतात, हे लागू पडावे.

पण पॅरिसपर्यंत जायचे कारण नाही. दाखला आपल्या घरातच आहे. मराठी नाटकाचा. नाटककाराला प्रयोगामागे मानधन द्यायचे, ही आपल्या व्यावसायिक रंगभूमीची जुनी रीत आहे. नटाची नाईट, नेपथ्यवाल्याचे, थिएटरचे भाडे, तसे लेखकाचे. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. तिथे उतरणारी हौशी संस्थासुद्धा लेखकाचे परवानगीपत्र घेते. गावातल्या बँकेतले कारकून, शाळेतले मास्तर एकत्र येऊन नाटक बसवतात, तेव्हा पहिले पत्र लेखकाला जाते. कोणाला त्यात अपमान वाटत नाही, कोणी 'कलेचा बाजार मांडला' म्हणत नाही. मग तीच संस्था पुढच्या महिन्यात त्याच सभागृहात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम करते, तेव्हा गीतकाराला विचारायचे कोणाच्या मनातही येत नाही. दोन अंकी नाटकाला लेखक असतो आणि दोन अंतऱ्यांच्या गाण्याला नसतो, असे आपण कधी ठरवले?

मी चित्रपटांचा गीतकार नाही. कविता लिहितो, गझल लिहितो. त्यातल्या काही गायकांनी चाली लावून गायल्या, याचा आनंदच आहे. एका जिल्ह्याच्या गावी अशाच एका गझलगायनाच्या कार्यक्रमात माझ्या दोन गझला झाल्या. तिकीट होते, सभागृह भरलेले होते. मला कळले ते तिथे हजर असलेल्या स्नेह्याकडून, आणि त्याने सांगितले की निवेदकाने त्या 'एका अनाम शायराच्या' म्हणून जाहीर केल्या. पुढे आयोजक भेटले. भला माणूस. म्हणाले, "भाई, नाव घेतलं असतं हो, पण निवेदकाच्या कागदावर नव्हतं." मग पुढच्या वर्षी त्यांनी मला बोलावून शाल-श्रीफळ दिले. शाल चांगली होती. मी सहज विचारले, त्या कार्यक्रमाचा खर्च किती आला? त्यांनी मोठ्या अभिमानाने यादी सांगितली. सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, प्रकाशयोजना, तबल्याचे, सारंगी बाहेरगावाहून बोलावली तिचे, हार-तुरे, पाहुण्यांचे जेवण, गाडीचे डिझेल. सगळे हिशेबात होते. शब्द मात्र जणू हवेसारखे, आधीच तिथे होते. राग नाही, पण त्या यादीने मला या विषयाकडे ओढले हे खरे.

आता आपल्याकडे गीतकार या यादीतून कसा गळला, तेही पाहू. त्याला मोठे कारण चित्रपट. चित्रपटासाठी गाणे लिहून घेताना निर्माता एकरकमी पैसे देतो. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आयपीआरएस विरुद्ध पूर्व भारतातले चित्रपट निर्माते असा खटला आला. निकाल असा लागला, की निर्मात्याने मोबदला देऊन गाणे करून घेतले, आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर पहिला मालक निर्माता. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी तळटीप जोडली आणि गायकाला तर आपल्या कायद्याने काहीच ठेवलेले नाही, संसदेने याकडे पाहावे, असे सुचवले. गायकांना थोडे हक्क मिळायला पुढे १९९४ ची दुरुस्ती उजाडावी लागली. त्याआधी साठच्या दशकाच्या सुरुवातीला लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात याच मुद्द्यावर अबोला झाला होता. लताबाई गायकाला रॉयल्टी हवी म्हणत होत्या, रफीसाहेबांना वाटे की ठरलेला मोबदला घेतला की व्यवहार संपला. रफीसाहेबांच्या मनाचा मोठेपणा मी मानतो, पण या बाबतीत लताबाईंना पुढचे दिसत होते.

गीतकारांच्या बाजूने जो लढला तो साहिर. गाणे लावताना नभोवाणीवरून गीतकाराचेही नाव सांगितले जावे, हा आग्रह साहिर लुधियानवी यांनी धरला. आज निवेदिका 'गीतकार अमुक, संगीतकार तमुक' म्हणते तेव्हा त्यामागे तो हट्ट आहे. पैशाची लढाई मात्र बरीच पुढे, जावेद अख्तर यांनी केली. २०१० मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले. चित्रपट उद्योगातल्या बड्या मंडळींचा रोष पत्करून त्यांनी हा विषय लावून धरला, आणि मे २०१२ मध्ये दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती मंजूर केली. तिचा गाभा एवढाच, की चित्रपटाचा गीतकार आणि संगीतकार आपले बाकीचे हक्क विकू शकतात, पण रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क विकता येत नाही, सोडूनही देता येत नाही. अपवाद एकच, चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणे दाखवले जाते तो. हा 'विकता येत नाही' भाग फार महत्त्वाचा आहे. नवखा, गरजू गीतकार करारावर काय सही करील याचा भरवसा नसतो. कायद्याने त्याच्या हातातले पेन थोडे आवरले. आयपीआरएसची नव्या कायद्याखाली नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली. अशा संस्थेच्या कारभारात गीतकार-संगीतकार आणि कंपन्या यांची संख्या समान असली पाहिजे, हेही कायद्याने सांगितले. पूर्वी तिथे कोणाचा वरचष्मा होता हे वेगळे सांगायला नको. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खासगी रेडिओ कंपन्यांच्या प्रकरणात याच दुरुस्तीच्या आधारे गीतकार-संगीतकारांच्या बाजूने कौल दिला.

मग सगळीकडेच पैसे द्यायचे का? नाही. कायद्यात सवलती आहेत, आणि त्या समजून घेण्यासारख्या आहेत, कारण दोन्ही बाजूंनी त्यांचा मनमानी अर्थ लावला जातो. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात किंवा सरकारी समारंभात गायले तर भंग नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ हेही त्यात धरले आहेत. हौशी मंडळाने, पैसे न देणाऱ्या श्रोत्यांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी गायले, तर तेही चालते.

'गीतरामायणा'चेच उदाहरण घ्या. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले. छप्पन्न गीते, गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांच्या चाली. आज ते गाणारे गायक महाराष्ट्रात शेकड्यांनी असतील. समजा, रामनवमीला सकाळी एका मंदिरात, जन्मोत्सवाचा भाग म्हणून एक गायक ते गातो. कोणाला विचारण्याची गरज नाही. तोच गायक, तेच वादक, तीच गीते संध्याकाळी वातानुकूलित सभागृहात तिकीट लावून गातात. आता परवाना हवा. देव तोच आहे, भक्तीही असेल, पण संध्याकाळी गल्ला आहे. गदिमा डिसेंबर १९७७ मध्ये गेले, बाबूजी जुलै २००२ मध्ये. आपल्याकडे शब्दांचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. पूर्वी पन्नास होती, १९९२ मध्ये रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली म्हणून ती वाढवली. तेव्हा ते शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि त्या चाली २०६२ अखेरपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या हक्काच्या आहेत.

दर्ग्यात उरुसाच्या रात्री कव्वाल बसतात, ऐकणारे उठून त्यांच्यापुढे नोटा ठेवतात. खुसरोंचा कलाम असेल तर प्रश्नच नाही. त्यांना जाऊन सातशे वर्षे झाली. हयात शायराचा कलाम असला तरी ते त्या रात्रीच्या इबादतीत मिसळून जाते. तोच कव्वाल पंचतारांकित हॉटेलात कंपनीच्या मेजवानीसाठी बसला, की गोष्ट बदलते.

लग्नाच्या सवलतीवर तर गोव्यात मोठाच वाद झाला. गोव्यात लग्ने म्हणजे आता उद्योग आहे. हॉटेलात तीन-तीन दिवस चालणारी. लग्नात गाणी वाजवायला कोणाच्या परवान्याची सक्ती करू नये, असे केंद्राच्या संबंधित खात्याने जुलै २०२३ मध्ये सूचना काढून सांगितले. त्याच धर्तीवर गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढले. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केले. परिपत्रकाने कायद्यातल्या सवलतीची व्याप्ती वाढवता येत नाही, हा त्यातला मुद्दा. मला स्वतःला वाटते, की हळदीच्या अंगणात आत्याबाईंनी गाणे म्हणण्यासाठी ठेवलेली ही सवलत आहे. समुद्रकिनाऱ्यावर लाखोंची सुपारी घेऊन आलेल्या वाद्यवृंदाने तिच्या आड उभे राहावे का, याचा विचार व्हायला हवा.

गणेशोत्सवाचे काय? आरती, भजन हा विधी. पण पाचव्या दिवशीच्या ऑर्केस्ट्रात मंडळ हौशी असले तरी गाणारे पैसे घेऊन आलेले असतात. 'आमचा कार्यक्रम मोफत आहे' एवढ्यावर सुटका होईल असे कोणी धरून चालू नये.

आणि कराओके. गेल्या काही वर्षांत गावोगाव कराओके क्लब निघाले. निवृत्त अधिकारी, डॉक्टर, गृहिणी दर आठवड्याला जमतात, ट्रॅक लावतात, गातात. मला हे फार आवडते; साठीनंतर माणसे माईक हातात घेऊ लागली, ही लहान गोष्ट नाही. वर्गणी काढून आपापसात गायले तर त्यांच्यामागे कोणी लागू नये, लागूही नये. पण तोच क्लब नाट्यगृहात तिकीट लावून कार्यक्रम करतो, तेव्हा शब्द आणि चालीबरोबर तिसरीही गोष्ट येते. ट्रॅक हे कोणीतरी वाजवून केलेले ध्वनिमुद्रण आहे, आणि त्याचाही मालक आहे. जिवंत वादक घेतले तर हा तिसरा हिशेब उरत नाही. वादकांच्या पोटासाठी मी आणखी काय बोलू? २०२० मध्ये महासाथीने सगळे कार्यक्रम बंद झाले तेव्हा ऑर्केस्ट्राचे किती वादक दुसऱ्या कामाला लागले, ते आपण पाहिले आहे.

आयोजकांची बाजू अगदीच पोकळ नाही. त्यांच्याशी बोललो की पहिली तक्रार हीच, की पैसे द्यायला ना नाही, पण किती जणांना? पोलीस परवाना, ध्वनिक्षेपकाचा परवाना, सभागृहाचे अनामत, आणि वर गाण्यांच्या हक्कांसाठी एकाहून अधिक दारे. एकाला दिले की दुसऱ्याची नोटीस. कोण कोणत्या गाण्यासाठी मागतो हे सामान्य माणसाला कळत नाही. ही तक्रार रास्त आहे, आणि जोपर्यंत एका खिडकीवर हे काम होत नाही तोपर्यंत लोक पळवाटा काढणारच. दुसरे, पन्नास खुर्च्यांच्या कार्यक्रमाला आणि पाच हजारांच्या मैदानाला एकाच धाकात ठेवले तर छोटा आयोजक कार्यक्रमच बंद करील. त्यात गीतकाराचेही नुकसान आहे. न गायलेल्या गाण्यावर कसली रॉयल्टी?

तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. आयोजकाने पैसे भरले. ते कोणापर्यंत पोचले? त्यासाठी त्या रात्री कोणती गाणी झाली याची यादी लागते. ती यादी आयोजकाने भरून द्यायची. बहुतेक ठिकाणी ती भरलीच जात नाही, किंवा 'जुनी हिंदी-मराठी गाणी' असे मोघम लिहिले जाते. यादी नसली की वाटप अंदाजाने होणार, आणि अंदाज नेहमी गाजलेल्या नावांकडे झुकतो. सोलापूरच्या कार्यक्रमात एखाद्या विसरलेल्या मराठी गीतकाराची तीन गाणी झाली असतील, तर त्याच्या वारसांना ते कळायला दुसरा मार्ग नाही. शिवाय जो संस्थेचा सभासदच नाही त्याचे पैसे संस्था कसे देणार? कोळीगीते, लोकगीतांच्या वळणाची गाणी, भीमगीते लिहिणाऱ्या किती जणांनी सभासदत्वाचा अर्ज पाहिला असेल?

भीमगीतांवरून वामनदादा कर्डक आठवतात. २००४ मध्ये ते गेले. हजारो गाणी लिहिली, स्वतः गात फिरले, आणि १४ एप्रिलला वस्तीवस्तीत त्यांची गाणी होतात. अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांची गाणीही अशीच चळवळीसाठी होती. लोकांनी ती उचलावी, गावी, म्हणूनच लिहिलेली. अशा गाण्यांना परवान्याच्या कुलपात ठेवावे, असे मी म्हणणार नाही. कर्त्याला आपला हक्क सोडून देण्याची वाटही कायद्याने ठेवली आहे. पण सोडणे हे त्याचे काम आहे. दुसऱ्याने परस्पर 'ते तर जनतेचे गाणे' म्हणून आपल्या तिकिटाला ते वापरणे, यात फरक आहे.

आपल्या जुन्या परंपरेत पैशाचा प्रश्न नव्हता, पण नावाची सोय फार पक्की होती. अभंगाच्या शेवटी तुका येतो, नामा येतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपले नाव घालतात. लावणीत होनाजी असतो, सगनभाऊ असतो. गझलेच्या मक्त्यात शायर आपले तखल्लुस गुंफतो. गाणारा कितीही मोठा असो, कर्त्याचे नाव उच्चारल्याशिवाय त्याला गाणे पुरे करता येत नाही. नाममुद्रा म्हणतात ती हीच. चित्रपटगीतात आणि भावगीतात ती गेली, आणि नाव निवेदकाच्या कागदावर अवलंबून राहिले. कायद्यात कर्त्याला आपले कर्तेपण सांगण्याचा वेगळा हक्क दिलेला आहे. हक्क विकले तरी तो त्याच्याकडेच राहतो. तो पाळायला एक पैसा लागत नाही. मी गायक मित्रांना सांगतो, परवान्याचे तुमच्या आयोजकाशी बोला, पण प्रत्येक गाण्याआधी दोन नावे तुम्ही स्वतः घ्या, आणि कार्यक्रमाच्या शेवटी गायलेल्या गाण्यांची यादी गीतकार-संगीतकारांसह लिहून आयोजकाच्या हाती ठेवा. वहीत लिहिलेली असतेच ती, क्रम ठरवलेला असतो. तिच्यात दोन रकाने वाढवायचे.

जाता जाता मुदतीच्या हिशेबातली एक गंमत सांगतो. गीतकार शैलेंद्र १४ डिसेंबर १९६६ रोजी गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२६ हे वर्ष संपेपर्यंत आहे. त्यानंतर ते शब्द कोणीही, कुठेही म्हणावेत. पण त्यातली कितीतरी गाणी शंकर-जयकिशन यांच्या चालीतली. जयकिशन १९७१ मध्ये गेले, शंकर १९८७ मध्ये. दोघांनी मिळून केलेल्या कृतीची मुदत मागे राहिलेल्याच्या मृत्यूपासून मोजतात, म्हणजे चालींवरचा हक्क २०४७ अखेरपर्यंत. मधली एकवीस वर्षे असा प्रकार असेल, की शैलेंद्र यांचे गीत कोणी मंचावर नुसते वाचून दाखवले, किंवा स्वतःची नवी चाल लावून गायले, तर कोणाला विचारायला नको. मूळ चालीत गायले तर परवाना हवा. एखाद्या तरुण संगीतकाराने तेवढ्या काळात ते धाडस करावे. ऐकणारे सुरुवातीला नाक मुरडतील, जुनी चाल कानात इतकी बसली आहे. पण ते शब्द चालीवाचून कसे उभे राहतात, ते तेव्हा पहिल्यांदा ऐकायला मिळेल.